शिवांजलीची सहावी पायरी

कुठलाही अर्ज भरताना माणसानं शेजारणीला समोर बसवू नये. चोवीस वर्षं फौजेत कारकुनी केली, पोत्यानं अर्ज भरले, नायब सुभेदार होऊन पेन्शनीत आलो, तरी ही साधी गोष्ट मला कळली नव्हती. कारण फौजेत अर्ज भरताना समोर बसतो तो साहेब. साहेब साखर मागत नाही आणि स्वतःच्या मुलाचे मार्क सांगत नाही.

अर्ज होता आमच्या शिवांजलीच्या मराठी व्याकरणाचा. पोरगी दहा वर्षांची. माझ्या बदल्यांपायी आसामपासून पठाणकोटपर्यंत तिच्या पाच शाळा झाल्या, आणि साताऱ्यातल्या सहाव्या शाळेत तिनं बोलणंच सोडलं. पहिल्याच दिवशी ती बाईंना हिंदी-मराठी मिसळून काहीतरी बोलली आणि सगळा वर्ग हसला. मग सहा महिने त्या शाळेत कुणीच तिचा आवाज ऐकला नाही. घरी कुकरच्या शिट्टीपेक्षा जास्त आवाज, आणि उंबऱ्याबाहेर गेली की मुकी. माझी बायको स्वप्नाली सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे घरातले निर्णय ती इंजेक्शनासारखे देते; समोरच्याला कळेपर्यंत टोचून झालेलं असतं. तिनं सांगितलं, "एक वर्ष पोरगी घरी शिकंल. तुमी रिकामेच हाय. शिकवा."

औंधच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. आबा शिपाई म्हणून रिटायर झाले, पण घरात त्यांच्या वरची रँक अजून निघालेली नाही. त्यांनी फर्मावलं, "भैरोबाच्या यात्रंपतुर बघतो. पोरगी शिकतीया आसं दिसलं तर ऱ्हाऊ दे घरी. न्हाईतर वसतिगृहाच्या शाळंत घालायची. तितल्या म्यानेजरला मी बोलून ठिवलंय." वसतिगृह हा शब्द निघाला की शिवांजली अर्ध्या ताटावरून उठते. त्या दिवशीही उठली. मी तिला म्हणालो, "मी आहे ना." तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पण पुन्हा जेवायला काही बसली नाही.

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी पुण्याच्या एका संस्थेचा व्याकरणाचा अभ्यासक्रम मी शोधून काढला. त्यात एकूण आठ पायऱ्या. मोबाईलवर मुलाची चाचणी घ्यायची, मग पायरी निवडायची, मग पुस्तकं घरपोच. वरती ठळक अक्षरात सूचना होती: 'वय पाहू नका, मूल पाहा. शंका वाटल्यास एक पायरी खाली घ्या.' फौजेत कुठल्याच सूचनेत 'शंका वाटल्यास' असले शब्द नसतात, म्हणून मी ती नीट वाचली नाही. शिवांजलीनं जीभ बाहेर काढून, मान तिरकी करून, मजेत चाचणी दिली. निकाल लागला: पायरी दुसरी.

पोरगी खूश! "बाबा, दुसरी! सिर्फ दुसरी हाय, म्हंजे जमेल मला!"

तिला काय, तिच्या दृष्टीनं तो आकडा होता. मी मात्र फौजी घरातला. आमच्याकडे पायरी म्हणजे रँक. आठ पायऱ्या बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात आपोआप पाट्या लागल्या: पहिली शिपाई, दुसरी लान्सनायक, तिसरी नायक, चौथी हवालदार, पाचवी नायब सुभेदार, सहावी सुभेदार, सातवी सुभेदार मेजर आणि आठवी ऑनररी लेफ्टनंट. बरोब्बर आठ! त्या संस्थेत कुणीतरी फौजी असणार, याबद्दल माझी खात्री झाली. आणि आमची पोरगी लान्सनायक? ज्या घरात गेल्या तीन पिढ्यांत रँक कधी खाली आली नाही, त्या घरात?

तरीही मी दुसरीवरच बोट ठेवणार होतो. देवाशप्पथ ठेवणार होतो. तेवढ्यात शेजारच्या क्रांतीवहिनी साखर मागायला आल्या आणि समोर बसल्या. वाटी रिकामीच राहिली.

"तीच चाचणी का ओ? आमच्या ऋषिराजनं परवा दिली. खेळता खेळता हो, टीव्ही बघत बघत. पाचवी पायरी आली. आमी म्हणलं, कशाला, शाळा हाय की. शिवांजलीची काय आली?"

ऋषिराज पाचवी. म्हणजे नायब सुभेदार. म्हणजे माझ्या बरोबरीचा. नऊ वर्षांचं पोर, नाकातून शेंबूड, आणि माझ्या बरोबरीचं! इथे एक खासगी गोष्ट सांगतो, कारण पुढं कुणीतरी सांगणारच. माझं सुभेदारीचं प्रमोशन तीन महिन्यांसाठी हुकलं. तीन महिने अजून थांबलो असतो तर खांद्यावर दुसरा तारा लागला असता. हे मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण बोट मनाला विचारत नाही. माझं बोट सहावीवर पडलं.

"सहावी?" वहिनींच्या भुवया वर गेल्या. "आली व्हय चाचणीत?"

"आली म्हणजे काय," मी म्हणालो, "यायलाच पाहिजे."

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. फौजेतल्या अहवालात अशी वाक्यं मी चोवीस वर्षं लिहीत आलो होतो आणि त्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती.

आठ दिवसांनी पुस्तकांचं खोकं आलं. शिवांजलीनं उत्साहानं कात्री आणली. पहिलं पुस्तक उघडलं, पहिलं पान वाचलं, शेवटचं पान वाचलं, आणि पुस्तक बंद करून माझ्या मांडीवर ठेवलं. "बाबा, हे माझं न्हाई."

"तुझंच आहे. खोक्यावर नाव बघ."

"नाव माझं हाय. पुस्तक माझं न्हाई."

स्वप्नाली ड्युटीवरून आली, पुस्तक चाळलं आणि मला एकच प्रश्न विचारला, "पायरी कुणी निवडली?" मी म्हणालो, "सिस्टिमनं." तिनं पर्स खुंटीला लावली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या एका मैत्रिणीच्या मुलीचं दुसऱ्या पायरीचं जुनं पुस्तक मागून आणलं. दुपारी मायलेकी स्वयंपाकघरात बसून ते करू लागल्या. मधूनमधून हसण्याचा आवाज यायचा. मी बाहेरच्या खोलीत सहावी पायरी घेऊन बसलेला असायचो. मला आत कुणी बोलावत नव्हतं आणि मी जात नव्हतो. शेवटी मानही एक गोष्ट असते.

आमच्या सोसायटीत दोन घरं सोडून आप्पासो गुरुजी राहतात. रिटायर हेडमास्तर. त्यांना बारा वर्षांत शिकवायला कुणी मिळालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांची भूक दांडगी होती. मी सल्ला मागायला गेलो तर म्हणाले, "पायरी गाळून चढणारा माडीवर पोचत नाही, दवाखान्यात पोचतो. तिला खाली आणा." मी म्हटलं, बघू. "आणि तोवर मी शिकवतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खडू घेऊन आमच्या व्हरांड्यात हजर.

शिवांजली समोर बसली आणि ठरल्याप्रमाणे मुकी झाली. गुरुजी विचारत, ती फरशीकडे बघे. आता मास्तर माणसाला चुकीचं उत्तर चालतं, पण गप्प पोर चालत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला हळूच आत पाठवलं आणि खडू माझ्याकडे रोखला. "सांगा मानसिंगराव, 'पुरणपोळी'चा समास कोणता?"

"गोड," मी म्हणालो. बोलून गेलो. सकाळची वेळ होती, पोटात काही नव्हतं.

त्या दिवसापासून मी वर्गात होतो. उत्तर चुकलं की उभं करत. व्हरांडा रस्त्याला लागून. सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींनी आपला रस्ताच बदलला. पूर्वी पलीकडून जायचे, आता आमच्या दारावरून जाऊ लागले. दूधवाला बिरदेव कॅन खाली ठेवून थांबायचा. एकदा मी अडकलो तेव्हा तो म्हणाला, "सायेब, दम खावा, येतंय." दूधवाल्यानं धीर द्यावा अशी वेळ माझ्यावर ब्रह्मपुत्रेच्या पुरातही आली नव्हती. क्रांतीवहिनी गॅलरीतून म्हणायच्या, "लय मन लावून करता ओ तुमी. पण परीक्षा शिवांजलीची हाय ना?"

शेवटी मी माघार घ्यायचं ठरवलं. लष्करी भाषेत त्याला 'मागची फळी धरणं' म्हणतात. संस्थेला फोन लावला. एक अतिशय गोड आवाजाची बाई म्हणाली, "वरून खालच्या पायरीवर जायला शाळाप्रमुखांचं पत्र लागेल, शिक्क्यासहित."

"शाळाच नाही हो. घरी शिकवतो."

"घरी कोण शिकवतं?"

"मी."

"मग शाळाप्रमुख तुम्हीच. तुमचाच शिक्का पाठवा."

राजवाड्याकडे शिक्के करणारा एक जण आहे. तो म्हणाला, "मुख्याध्यापकाचा शिक्का म्हंजे जबाबदारी ओ. शाळंच्या लेटरहेडवर मागणी आणा." मी म्हटलं, लेटरहेडवर मारायलाच शिक्का पाहिजे. तो म्हणाला, "मग तुमच्याकडं शाळा न्हाई आसा सरकारी दाखला आणा. त्याच्यावर करून देतो." आता हा दाखला मागायला मी एका कचेरीत गेलो, कुठल्या ते सांगत नाही, पेन्शनवाल्यानं कचेरीशी वैर धरू नये. तिथल्या कारकुनानं माझं सगळं ऐकून घेतलं. मी स्वतः कारकून, त्यामुळे तो ऐकत नाहीये हे मला दिसत होतं.

"पोरगी शाळंत न्हाई?"

"नाही. घरी शिकते."

"शाळंत न्हाई म्हंजे शाळाबाह्य. शाळाबाह्य म्हणलं की आमाला सर्वे करावा लागतोय. पत्ता सांगा."

माणूस पत्ता सांगून मोकळा होतो. दोन दिवसांनी सर्वेक्षणाच्या बाई रजिस्टर घेऊन दारात आल्या, आणि दारात पाच मिनिटं उभं राहून घराकडं बघत राहिल्या, चुकीच्या ठिकाणी आल्यासारख्या. मी त्यांना सोफ्यावर बसवलं. त्यांनी पेन उघडलं.

"सर, स्थलांतराचं कारण? ऊसतोड, वीटभट्टी, मेंढपाळ का इतर?"

"देशसेवा," मी म्हणालो.

त्यांनी रजिस्टर दोनदा वरून खाली पाहिलं. "तसा रकाना न्हाई सर. 'इतर' करू?"

"चोवीस वर्षं सरहद्दीवर, आणि इतर?"

"मंग ऊसतोड करू का? ऊसतोडीला मंजुरी लवकर येती."

मी काही बोलायच्या आत त्यांनी खूण केली. नंतर शिवांजलीला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, तुला कुटं कामाला पाठवत्यात का?" शिवांजली नेहमीप्रमाणे अनोळखी माणसासमोर गप्प. बाईंनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'बालिका भेदरलेली. पालक उत्तरे टाळतात.' आठवड्याभरात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं मोफत दप्तर आमच्या पत्त्यावर आलं. शिवांजलीला ते फार आवडलं. दाखला मात्र आला नाही, आणि दाखला नाही म्हणून शिक्का नाही, आणि शिक्का नाही म्हणून आम्ही सहावीवरच.

अशा परिस्थितीत आबांचा फोन आला. "पोरगी कुटवर आली?"

इथं मी खरं बोलू शकलो असतो. स्वयंपाकघरात शिवांजली दुसऱ्या पायरीचा एक धडा मोठ्यानं वाचत होती. चुकत नव्हती. पण दुसरी म्हटलं की आबा वसतिगृहाच्या मॅनेजरला फोन करतील अशी मला भीती वाटली. म्हणजे मी स्वतःला तसं सांगितलं.

"सहाव्या पायरीवर आहे, आबा."

"एकंदर किती हायत्या?"

"आठ."

मग आबांचा आवाज जो निघाला तो मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. "आरं म्हंजे दोनच ऱ्हायल्या की! वाघीण हाय, वाघीण!" आणि फोन आपटला. गावाला सांगायला पळाले असणार.

आमच्या भागात कुणाचं काही भलं झालं की ते आधी फ्लेक्सवर येतं आणि मग घरच्यांना कळतं. संध्याकाळी गावाकडच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, माझा चुलतभाऊ धनाजी, यानं मोबाईलवर फोटो पाठवला. एसटी स्टँडसमोर दहा बाय पंधराचा फ्लेक्स: 'गावची शान! सुभेदार मानसिंग यांची सुकन्या कु. शिवांजली हिची व्याकरणाच्या सहाव्या पायरीवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शिवांजलीचा फोटो पासपोर्टाएवढा. धनाजीचा स्वतःचा गॉगल घालून, फोन कानाला लावून, पुरुषभर उंच. खाली अकरा शुभेच्छुक. माझ्या नावामागचा 'नायब' त्यानं गाळला होता. मी फोन केला तर म्हणाला, "जागा पुरंना दादा. आन सत्कार ठिवलाय यात्रंदिवशी. शाल, श्रीफळ. क्याप्टन सायेब पावणं हायत." नायबबद्दल मी पुन्हा काही बोललो नाही.

शिवांजलीनं तो फोटो पाहिला. फक्त म्हणाली, "बाबा, तिथं माईक असेल?" मी म्हटलं, असेल, पण तू फक्त शाल घ्यायची, बोलायचं नाही. ती आत जाऊन दप्तर आवरू लागली. वसतिगृहाला निघाल्यासारखं. रात्री स्वप्नाली म्हणाली, "उद्या जर ती मंडपात गप्प उभी ऱ्हायली आनि लोक हसले, तर ती परत कवाच बोलणार न्हाई. ध्यानात घ्या." मी ध्यानात घेतलं. पण फ्लेक्स लागला होता.

यात्रेच्या दिवशी देवळासमोर मंडप, चारशे माणसं, पुढच्या रांगेत आबा, नव्या फेट्यात. ऑनररी कॅप्टन साहेबांनी भाषण केलं, शाल हातात घेतली आणि घालता घालता थांबले. "बेटी, इतनी छोटी उमर में सहावी पायरी! गावाला एक समासाचं उदाहरण सांग. त्यात काय अवघड."

शिवांजली गप्प. मंडप गप्प. पाळण्याचा भोंगा तेवढा वाजत होता. मी स्टेजच्या कडेला उभा होतो, माझ्या शेजारी धनाजी. मी तोंडासमोर हात धरून दबक्या आवाजात म्हणालो, "सांग, महादेव! कर्मधारय! महादेव!"

धनाजीच्या हातात दुसरा माईक होता आणि तो चालू होता. चारही कर्ण्यांतून माझा दबका आवाज देवळाच्या शिखरापर्यंत गेला. मागं बसलेल्या म्हाताऱ्या रंगूबाईंनी 'महादेव' ऐकून हात जोडले. मग सगळा मंडप फुटला. माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती.

मी शिवांजलीकडं पाहिलं. ती खाली पाहत होती, अगदी गुरुजींसमोर पाहायची तशी. आपण हिला गमावलं, असं मला वाटलं. माझ्या पायरीपायी, माझ्या नायबपायी. मी स्टेजवर चढायला पाय उचलला, तर स्वप्नालीनं मागून माझा शर्ट धरला.

शिवांजलीनं हसणं संपायची वाट पाहिली. मग कॅप्टन साहेबांच्या हातातला माईक दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढला.

"मी सहाव्या पायरीवर न्हाई," ती म्हणाली. "चाचणीत दुसरी आली व्हती. सहावी बाबांनी दाबली. सहावी बाबाच करतात, रोज सकाळी. त्यांना पण येत न्हाई. गुरुजी उभं करतात."

पुन्हा हशा. ती पुन्हा थांबली. थांबून पुढं म्हणाली, "दुसरी में मेरा सब बरोबर येतंय. आईनं करून घेतलं. मी गोष्ट पण लिहिली, दहा वाक्यांची. सांगू?"

आणि तिनं सांगितली. दहा वाक्यं तिनं अठ्ठावीस केली. पठाणकोटची एक कुत्री, तिची पिल्लं, आणि बदलीच्या ट्रकमध्ये लपून आलेलं एक पिल्लू. अर्धी हिंदी, अर्धी गावाकडची. अर्धा गाव फौजेतला; 'में' आणि 'मेरा' ह्यात हसण्यासारखं काय आहे हे तिथं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हसले ते पिल्लू सुभेदार साहेबांच्या बुटावर मुतलं तेव्हा. ते बूट माझे होते. सहा महिने जिचा आवाज शाळेनं ऐकला नव्हता, ती चारशे माणसांसमोर बोलत होती आणि मला रडू येत होतं, आणि मी ते लपवलं नाही. लपवून उपयोगही नव्हता. धनाजीचा माईक अजून चालूच होता.

गोष्ट संपली तेव्हा आबा काठी टेकत स्टेजवर चढले. त्यांनी फक्त पोरीकडं पाहिलं. "घरी शिकायचंय का वसतिगृहात?"

"घरी. पर दुसरीवर."

"मंग दुसरीवर." आबा माईककडं वळले. "पोरगी घरीच शिकंल. वसतिगृहातली जागा सांगून ठिवलीया, ती वाया नगं जायला. ह्या माझ्या लेकाला धाडतो."

ह्यावर जो हशा झाला त्याचं वर्णन मी करणार नाही. कॅप्टन साहेबांनी शाल पोरीच्या खांद्यावर घातली. ती तिच्या टाचांपर्यंत आली.

परत जाताना मी गर्दीतून पुढं पुढं चालत होतो. कोण काय म्हणतंय ते ऐकू येऊ नये म्हणून. शिवांजली एका हातात शाल गोळा करून, दुसऱ्या हातात नारळ घेऊन धावत मला गाठत आली.

"बाबा, तुम्हाला राग आला?"

"नाही," मी म्हणालो.

ती चालता चालता थांबली. तोंड मिटून माझ्याकडं बघत उभी राहिली, आणि ते मिटलेलं तोंड बघून मला घाम फुटला.

"आला," मी म्हणालो.

"थोडा?"

"लय."

"हां," ती म्हणाली, नारळ माझ्या हातात दिला, आणि माझ्या दुसऱ्या हाताचं बोट धरून पठाणकोटच्या त्या कुत्रीचं पुढं काय झालं ते सांगू लागली.